जुन्या जीपचं इंजिन बदलताना: आधी कागद, मग ब्रेक, शेवटी इंजिन

आमचं घर इंदूरला राजेंद्रनगरात आणि शेत मानपूरच्या पलीकडे. काकांनी हा रस्ता तीस वर्षं एकाच गाडीने केला: महिंद्राची एम.एम. ५४०, १९८९ची, डिझेल. एबी रोड (आग्रा-मुंबई महामार्ग) अरुंद होता तेव्हा ताशी ५०च्या वेगाला कुणी नावं ठेवत नसे, कारण सगळेच तेवढ्याने जायचे. आता राऊ ओलांडलं की रस्ता मोकळा सुटतो, मागून ट्रक अंगावर आल्यासारखे येतात आणि आपली जीप ५५ला घरघरत असते. काकांनी गाडी माझ्या हवाली केली तेव्हा मी ठरवलं की ती विकायची नाही, आजच्या रस्त्यावर चालेल अशी करायची.

ते काम झालं, पण चुकीच्या क्रमाने झालं. त्यामुळे एकदा जिवावर बेतलं आणि तीन महिने गाडी अंगणात उभी राहिली. तुम्ही पहिल्यांदाच या कामात पडत असाल, तर मी कुठे ठेचकाळलो ते सांगतो आणि कोणत्या क्रमाने गेलात तर त्रास होणार नाही तेही सांगतो. उदाहरणं महिंद्रा जीपची आहेत, कारण माळव्यात तीच सगळ्यात जास्त दिसते. मारुतीची जिप्सी किंवा लष्कराची जोंगा असली तरी पायऱ्या याच.

१. गाडी कोणती आहे, ते आधी नीट ओळखा

आपल्याकडे सगळ्यांना सरसकट ‘जीप’ म्हणतात, पण आत चार वेगवेगळी घराणी आहेत. महिंद्राने १९४७च्या सुमारास विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. पुढे उंच बॉनेटवाली सी.जे.-३बी आली. तिचं बॉनेट उंच आहे ते दिसायला बरं म्हणून नव्हे. आतलं २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन उंचीला जास्त होतं, ते मावावं म्हणून. मग डिझेल आलं. एक घराणं इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टर इंजिनाचं आणि दुसरं फ्रान्सच्या प्यूजोच्या रचनेचं. एम.एम. ५४०मध्ये प्यूजोचं एक्स.डी.पी. ४.९० बसवलेलं असे, २११२ सी.सी.चं. नावातला ९० म्हणजे सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये.

हे एवढं सांगतो कारण बाजारात गेल्यावर पहिला प्रश्न हाच येतो: “कौनसा इंजन है अभी?” उत्तर चुकलं की बेल हाउसिंगपासून (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) माउंटिंगपर्यंत (इंजिन चेसिसवर बसवायचे आधार) सगळंच चुकत जातं. बॉनेट उघडा, ब्लॉकवरचा नंबर कापडाने पुसून वाचा, चेसिसवरचा नंबर वाचा आणि दोन्ही आरसी पुस्तकाशी अक्षर-अक्षर ताडून बघा. जुन्या गाड्यांत कधीतरी कुणीतरी इंजिन बदललेलं असतं आणि पुस्तकात नोंद नसते. ती आधीची चूक मिटवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

महूच्या लष्करी लिलावातून आलेली गाडी असेल तर आणखी एक तपासा: विजेची व्यवस्था २४ व्होल्टची आहे का. लष्कराच्या अनेक गाड्यांना ती असते आणि नवं इंजिन १२ व्होल्टचा स्टार्टर घेऊन येतं. तशी असली तर दिव्यांपासून वायपरपर्यंत सगळं बदलावं लागतं. खर्चाच्या हिशेबात ते आधीच धरा.

२. पाना उचलायच्या आधी कागद

या पायरीवर मी घाई केली, म्हणून सविस्तर लिहितो.

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवर नोंदलेला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच ठणकावून सांगितलं. इंजिन बदलण्याची वाट त्याच कलमात आहे, पण ती नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीतून जाते. बदल झाल्यावर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीत नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा लागतो. नियम सोडून बदल केला तर कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून आधी लेखी अर्ज करा. कोणतं इंजिन, कुठल्या कंपनीचं, किती सी.सी., कोणतं इंधन, हे सगळं त्यात लिहा. परवानगीची शक्यता वाढवायची असेल तर दोन गोष्टी सांभाळा. इंधन बदलू नका, म्हणजे डिझेलला डिझेलच ठेवा. आणि त्याच कंपनीने त्याच जातीच्या गाडीत कधीतरी स्वतः बसवलेलंच इंजिन निवडा. पेट्रोल सी.जे.-३बीत डिझेल घालायचं किंवा महिंद्रात टोयोटाचं बसवायचं, हे ऐकायला भारी वाटतं, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

इंदूरचं आरटीओ आता नायता मुंडल्याला आहे. ऑनलाइन अर्ज परिवहनच्या पोर्टलवर ‘वाहन’ विभागात होतो. गाडी फार जुनी असेल तर तिची माहिती पोर्टलवर नसतेच. तेव्हा आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या गाडीची पोर्टलवर नोंद, करून घ्यावी लागते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण. नोंदणी संपलेली असेल तर आधी ती जिवंत करा. मुदत संपलेल्या गाडीत इंजिन घालणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतात विहीर खोदणं.

सी.जे.-३बीवाल्यांसाठी एक वेगळा सल्ला. ५० वर्षांहून जुन्या, मूळ अवस्थेतल्या गाड्यांसाठी २०२१पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे. इंजिनात किंवा चेसिसमध्ये मोठा फेरफार झाला की तो हक्क जातो. हरिकेन इंजिन चालू असेल आणि गाडी त्या वयाची असेल, तर हात लावण्याआधी घरच्यांना बसवून विचार करा. मी असतो तर ती मूळच ठेवली असती.

फाइलमध्ये हे सगळं गोळा करून ठेवा:

- आरसी (पुस्तक असो की कार्ड), चालू विमा, पीयूसी
- तुमचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- इंजिनाचं पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर छापलेला
- ज्या गाडीतून इंजिन निघालं तिची आरसी रद्द झाल्याचा कागद किंवा मालकाचं लेखी ना-हरकत पत्र
- परवानगीच्या अर्जाची पोच
- बसवणाऱ्या गॅरेजचं बिल
- चेसिस नंबर आणि जुना-नवा इंजिन नंबर यांची पेन्सिलीने घेतलेली छाप
- गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र

चौथा कागद माझ्याकडे नव्हता. एका भंगारवाल्याकडून मी चांगलं चालणारं इंजिन घेतलं, त्याने साध्या पावतीवर सही करून दिली, मी पैसे मोजले. आरटीओत पहिलाच प्रश्न आला: हे इंजिन कुठल्या गाडीचं? उत्तर शोधण्यात तीन महिने गेले. इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं असतं तर पोलीस माझ्याच दारात आले असते. आता मी कुणालाही सांगतो: कागद नाही तर इंजिन नाही, भाव कितीही खाली येवो.

३. इंजिन निवडताना अश्वशक्तीकडे पाहू नका

एम.एम. ५४०साठी माळव्यात तीन पर्याय सहज मिळतात.

पहिला, एक्स.डी.३पी. तेच प्यूजो घराणं, पण २४९८ सी.सी. बसवायला सगळ्यात सोपं, कारण जुळणी बहुतेक तीच. ज्यांना फार बदल नको त्यांनी हेच घ्यावं.

दुसरा, २५२३ सी.सी.चं डी.आय. इंजिन. बोलेरोत, मेजरमध्ये आणि पहिल्या थारच्या एका मॉडेलमध्ये तेच होतं. हे ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, जाड, सोपं, आणि त्याचे भाग पिथमपूरपासून खरगोनपर्यंत कुठल्याही गावात मिळतात. टर्बोवालं आणि बिनटर्बोचं, दोन्ही मिळतं. मी टर्बोवालं घेतलं.

तिसरा, सी.आर.डी.ई., म्हणजे संगणकावर चालणारं. ताकद सगळ्यात जास्त. पण त्याला ईसीयू (इंजिनाचा संगणक), पूर्ण वायरिंग, सेन्सर, चावीतली चिप, सगळं त्याच गाडीतून आणावं लागतं. एक सेन्सर बिघडला की मानपूरच्या रानात कुणी दुरुस्त करणार नाही. पहिल्या कामासाठी नको.

आता नीट लक्ष द्या. जुनं एक्स.डी.पी. आणि डी.आय. टर्बो, दोघांची अश्वशक्ती कागदावर जवळपास सारखीच आहे, साठीच्या आसपास. मग फरक कुठे? टॉर्कमध्ये, म्हणजे ओढण्याच्या जोरात. डी.आय.चा टॉर्क जवळपास दीडपट आहे आणि तो खालच्या आरपीएमवरच मिळतो. म्हणून चढावर गिअर उतरवावा लागत नाही. पण याला दुसरी बाजू आहे. एक्स.डी.पी. साडेचार हजार आरपीएमपर्यंत फिरतं, डी.आय. मात्र ३२००च्या आसपास संपतं. म्हणजे बाकी काहीच न बदलता डी.आय. बसवलंत तर जीपचा कमाल वेग वाढणार नाही, उलट कमी होईल. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

४. क्राउन-पिनियनचा रेशो मोजा

रस्त्यावरचा वेग गिअर आणि ॲक्सलच्या रेशोवर ठरतो. ॲक्सलचा रेशो म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे जाणारा दांडा) किती फेरे घेतो तो आकडा. तो ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियन या गिअरच्या जोडीवर ठरतो. जुन्या जीपमध्ये ५.३८, ४.८८ किंवा ४.२७ असे रेशो सापडतात. मागच्या मालकाने काय बसवलंय ते कागदावर नसतं, म्हणून स्वतः मोजा. काहीही उघडावं लागत नाही.

गाडी सपाट फरशीवर घ्या. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. गिअर न्यूट्रलमध्ये, फोर व्हील ड्राइव्ह बंद. मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि ॲक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) द्या. टायरवर वरच्या बाजूला खडूची रेघ ओढा. गाडीखाली प्रोपेलर शाफ्टवर दुसरी रेघ. आता एकाने चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. दुसरं चाक जमिनीवर असल्यामुळे दोन फेरे घ्यावे लागतात. शाफ्ट जितके फेरे घेईल तोच रेशो. आमच्या अंगणात माझा मुलगा गाडीखाली आडवा झाला होता आणि मोठ्याने मोजत होता: “चार... पाच... आणि बाबा, अजून थोडंसं.” ते ‘थोडंसं’ एका फेऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त होतं. म्हणजे ५.३८.

मग टायरचा घेर काढा: टायरवर आणि जमिनीवर खूण, गाडी एक फेरा ढकला, टेपने मोजा. ६.००-१६च्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर भरतो. आता हिशेब:

वेग = आरपीएम × घेर × ०.०६ ÷ रेशो (थेट टॉप गिअरमध्ये)

३२०० आरपीएमला उत्तर असं येतं: ५.३८ असेल तर ताशी ७९ किलोमीटर, ४.८८ असेल तर ८७, ४.२७ असेल तर ९९. हा कमाल वेग झाला. तासन्‌तास आरामात चालवायचं तर २४००च्या आसपास राहावं. तिथे हेच आकडे ५९, ६५ आणि ७४ होतात. एबी रोडवर ७४ म्हणजे ट्रकच्या बरोबरीने. मला तेवढंच हवं होतं.

दोन मार्ग आहेत. ॲक्सलचं क्राउन-पिनियन बदला किंवा ओव्हरड्राइव्ह (शाफ्टला इंजिनापेक्षा जास्त फिरवणारा वरचा गिअर) असलेला पाच गिअरचा बॉक्स बसवा. क्राउन-पिनियन बदलणार असाल तर पुढचं आणि मागचं दोन्ही बदला. फक्त मागचं बदलून फोर व्हील लावलंत तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरायला बघतील आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) फुटेल. पैसे वाचवण्यासाठी असं केलेल्या गाड्या विकायला येतात, घेताना दोन्ही ॲक्सल मोजा.

रेशो बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलू लागतं, कारण त्याची केबल ट्रान्सफर केसमधून निघते. ५.३८वरून ४.२७ केलंत तर काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी खरी ७६वर असेल. केबलचं छोटं गिअर बदलून घ्या किंवा मोबाइलच्या जीपीएसवर ताडून नवी खूण करा.

५. ब्रेक आणि स्टिअरिंग: इंजिनाच्या आधी

मी इंजिन आधी बसवलं. ब्रेक पुढच्या महिन्यात करू म्हणालो. मानपूरहून धामनोदकडे घाट उतरताना मागे काकू बसल्या होत्या, पुढे उसाचा ट्रॅक्टर. दोनदा-तीनदा ब्रेक दाबले आणि मग जळक्या लायनिंगचा वास आला. पेडल फळीसारखं कडक होतं, पण गाडी थांबत नव्हती. दुसऱ्या गिअरमध्ये आणून, हँडब्रेक ओढून, डाव्या बाजूच्या मुरमावर घातली तेव्हा थांबली. काकू काही बोलल्या नाहीत. खाली उतरून त्या चाकाकडे बघत राहिल्या.

वेगाचा हिशेब वर्गाने चालतो. ५०वरून ८०वर गेलात की थांबवायची ऊर्जा अडीचपट होते. चार लहान ड्रम आणि बूस्टरशिवायचं (पायाचा जोर वाढवणारं यंत्र नसलेलं) मास्टर सिलिंडर ती पेलू शकत नाही. जुन्या जीपमध्ये तर अनेकदा चारही चाकांना ब्रेक ऑइलची एकच लाइन असते. एक पाइप फुटला की चारही गेले.

म्हणून हे करूनच इंजिनाला हात लावा: दोन सर्किटचं मास्टर सिलिंडर, व्हॅक्यूम बूस्टर, पुढे डिस्क जमत असेल तर डिस्क, नाहीतर चारही ड्रम लेथवर फिरवून नवे लायनिंग. रबरी होज सगळे नवे. डिझेल इंजिनात बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम आपोआप तयार होत नाही, त्यासाठी पंप लागतो. बहुतेक वेळा तो अल्टरनेटरच्या पाठीमागे जोडलेला असतो. इंजिन घेताना अल्टरनेटर पंपासकट घ्या आणि बंद पडलेल्या इंजिनावर ब्रेक किती जड होतो हे अंगणातच अनुभवून घ्या.

स्टिअरिंगला दोन बोटांपेक्षा जास्त खेळ असेल तर बॉक्स उघडा. किंगपिन, टाय रॉडचे एंड आणि पाट्यांचे बुश बघा. ताशी ५०ला जी चाकं थरथरत नाहीत, ती ७०ला हातातून स्टिअरिंग हिसकावतात.

६. मिस्त्री आणि अवजारं

इंदूरात हात चांगले आहेत. पिथमपूरच्या कारखान्यांमुळे सांवेर रोडच्या भागात लेथ आणि मिलिंगवाले मिळतात, ते ॲडॉप्टर प्लेट किंवा माउंटिंगचा ब्रॅकेट नीट मापाने करून देतात. मिस्त्री निवडताना त्याने याआधी केलेली गाडी दाखवायला सांगा आणि त्या गाडीच्या मालकाशी बोला. मी ज्यांच्याकडे काम केलं ते उस्ताद मला पहिल्या दिवशीच म्हणाले होते, “भिया, पहले रोकने का इंतजाम करो.” मी ऐकलं नाही.

घरी करणार असाल तर लागणारं सामान: किमान दीड टन पेलणारी चेन पुली आणि ती टांगायला लोखंडी गर्डर (छताचा हूक नको), चार घोड्या, रिंग पान्यांचा संच, टॉर्क रेंच, ड्रिलिंग मशीन, अग्निशामक, आणि भरपूर मोकळ्या डब्या. प्रत्येक डबीवर बोल्ट कुठला ते खडूने लिहा. जुन्या जीपमध्ये इंची आणि मेट्रिक असे दोन्ही बोल्ट असतात. एकाचा नट दुसऱ्यावर जबरदस्तीने चढवला की चुडी (आटे) गेली.

७. बसवणं

जुनं इंजिन काढायच्या आधी फोटो काढा, प्रत्येक पाइपचा, प्रत्येक वायरचा. बॅटरी सुटी करा, कूलंट आणि ऑइल डब्यात घ्या, नालीत सोडू नका.

नवं इंजिन खाली आल्यावर, गाडीत घालण्यापूर्वी तीन गोष्टी टेबलावर जुळवा. क्लच प्लेटचे दाते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते मोजून सारखे आहेत का. फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग त्या शाफ्टच्या टोकाला बसतं का. आणि बेल हाउसिंग चारही बाजूंनी ब्लॉकला सपाट टेकतं का. यातलं एक जरी चुकलं तर इंजिन पुन्हा बाहेर काढावं लागेल.

बोलेरोतून काढलेल्या इंजिनाचा ऑइल संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) जीपच्या पुढच्या ॲक्सलवर आदळू शकतो. हे तपासायला आमच्या काकूंनी सुचवलेला उपाय उत्तम ठरला. कणीक घट्ट मळून तिचे लिंबाएवढे गोळे ॲक्सलवर, संपच्या बरोबर खाली ठेवले. तसेच फॅनसमोर आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला. इंजिन ब्रॅकेटवर टेकवलं, चार जण पुढच्या बंपरवर उभे राहून गाडी खाली-वर हलवली, मग गोळे काढून त्यांची जाडी पट्टीने मोजली. दोन बोटांपेक्षा पातळ झालेला गोळा दिसला तर इंजिन वर किंवा मागे सरकवायला हवं. आमचा संपखालचा गोळा पुरीसारखा चपटा झाला होता. मेजरचा संप आणून बसवला तेव्हा सुटलं. जीपच्या घराण्यातल्याच गाडीचं इंजिन घ्या असं वर म्हटलं, त्याचं हेही कारण.

माउंटिंग पक्कं वेल्ड करण्याआधी प्रोपेलर शाफ्टचा कोन बघा. गिअरबॉक्सचं तोंड आणि ॲक्सलच्या पिनियनचं तोंड समांतर हवं. मोबाइलमधली लेव्हल चालते. कोन चुकला की ६०च्या पुढे सीटखाली थरथर सुरू होते आणि शाफ्टचा क्रॉस (सांधा) दर दोन महिन्यांनी जातो. गिअरबॉक्स बदलला असेल तर शाफ्टची लांबीही बदलेल. कापून जोडल्यावर तो बॅलन्स करून घ्या.

वायरिंगचा भाग डी.आय.मध्ये सोपा आहे: स्टार्टर, चार्जिंग, ऑइल प्रेशर आणि तापमानाचे सेन्सर, डिझेल बंद करणारी वायर किंवा केबल. स्टार्टरची जाड वायर नवी आणि फ्यूज नवे.

८. गारवा

मे महिन्यात निमाडातून भरलेली गाडी घाट चढवायची असेल तर जुना रेडिएटर पुरणार नाही. जास्त जाळीचा कोअर घाला, फॅनभोवती काऊल (फॅनला वेढणारं कवच) लावाच, त्याशिवाय फॅन नुसती हवा ढवळतो. डॅशबोर्डवर नुसता दिवा लावणाऱ्या सेन्सरवर विसंबू नका, तापमान आकड्यात दाखवणारं मीटर डोळ्यांसमोर लावा. टर्बोला ऑइल नेणारा आणि परत आणणारा पाइप, दोन्ही नवे घ्या. परतीचा पाइप जाड आणि सरळ उतरता हवा.

९. पहिला स्टार्ट

डिझेल बंद ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवा, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. मग डिझेलच्या लाइनमधली हवा पंपाच्या स्क्रूवरून पूर्ण काढा. बुडबुडे थांबले की चावी.

हवेच्या तोंडाशी एक माणूस जाड लाकडी फळी घेऊन उभा ठेवा. जुन्या टर्बोमधून ऑइल आत शिरलं तर डिझेल बंद करूनही इंजिन पळत सुटतं, तेव्हा हवा बंद करणं हाच उपाय. कापड वापरू नका, ते आत ओढलं जातं. आमच्याकडे फळीची गरज पडली नाही. इंजिन दुसऱ्या वेळेला लागलं, थोडा पांढरा धूर आला, मग स्थिर झालं. काका अंगणात खुर्चीवर बसले होते. ते उठून आले, हात बॉनेटवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

१०. तपासणी, पीयूसी, विमा

१४ दिवस मोजत राहा. गाडी आरटीओत नेताना इंजिन नंबर स्वच्छ वाचता येईल असा पुसून ठेवा. रंगाखाली दडलेला नंबर म्हणजे संशय. पीयूसीत अशा जुन्या डिझेलला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराच्या दाटपणाचं एकक) आहे. पंप नीट सेट असेल तर सहज बसते. जास्त ताकदीसाठी पंप उघडून डिझेल वाढवू नका. काळा धूर, गरम इंजिन, आणि तपासणीत नापास.

आरसीत नवा नंबर चढला की तीच प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीत बदल लिहून घ्या. हे राहिलं तर अपघातानंतर दावा अडकतो. उच्च सुरक्षा नंबर प्लेट नसेल तर ती याच फेरीत.

खर्चाबद्दल विचारतात म्हणून सांगतो: इंजिनाला जेवढे मोजाल तेवढेच बाकीच्या कामाला धरा, आणि वर थोडे शिल्लक ठेवा.

११. पहिले हजार किलोमीटर

पहिले दोन दिवस इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर पहाटे, ४०-५०च्या वेगाने, दर वीस मिनिटांनी थांबून खाली वाकून बघा: ऑइल, कूलंट, डिझेल, कुठे थेंब आहे का. मग महूपर्यंत. घाट तिसऱ्या आठवड्यात, तोही आधी रिकाम्या गाडीने.

५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, माउंटिंगचे आणि प्रोपेलर शाफ्टचे सगळे बोल्ट पुन्हा कसा. हेड आणि टॅपेटचं माप त्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्या, मिस्त्रीच्या आठवणीतून नको. टर्बो असेल तर चढ चढून आल्यावर लगेच चावी काढू नका, मिनिटभर इंजिन हळू फिरू द्या म्हणजे टर्बोचं बेअरिंग जळत नाही.

हजाराला ब्रेकचे ड्रम एकदा उघडून लायनिंग समान झिजलंय का पाहा. माझं मागचं डावं कमी झिजलेलं निघालं. व्हील सिलिंडर अर्धवट अडकला होता, तो बदलला. त्यानंतरच काकूंना घेऊन घाट उतरलो.